देवीनं काढू नको सांगितलेली गाडी

गाडी झोपवायची म्हणजे नुसती शेडमध्ये ढकलून कुलूप लावायचं नसतं, हे मी साखळी गावातल्या माझ्या गॅरेजात तीस वर्षं लोकांना सांगतोय आणि तीस वर्षं कोणी ऐकत नाही. लोक गाडीवर प्लास्टिकचा तुकडा टाकतात, आरशाला झेंडूचा हार घालतात आणि चार वर्षांनी येऊन मला विचारतात, मधुकर, हिला गंज कसा रे आला? अरे बाबा, पावसाळ्यात प्लास्टिकखाली घाम येतो. तुला येतो तसा तिलाही येतो.

माझ्या हातून आजवर एकच गाडी नीट झोपली. मये गावच्या गुरुदासबाबांची ॲम्बॅसडर, सन शहात्तरची, मार्क थ्री, पांढरी. तिला मी एक्याण्णव साली झोपवली आणि दोन हजार तीन साली उठवली. झोपवली मी, पण झोपवायचा हुकूम गावच्या देवीचा, असं आम्ही सगळे बारा वर्षं धरून चाललो होतो. त्यात मी पहिल्या नंबरचा गाढव, म्हणून ही गोष्ट मीच सांगितलेली बरी.

गुरुदासबाब खाण कंपनीच्या डिचोलीच्या ऑफिसात हेडक्लार्क. कंपनीच्या साहेबानं नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी यांनी घेतली. गाडी आली आणि माणूस बदलला. पायी असताना हाक मारली तर थांबून बोलणारे गुरुदासबाब गाडीत बसले की हॉर्न वाजवून पुढं जायचे. पांढरा शर्ट, डावा हात स्टेअरिंगवर, उजवं कोपर खिडकीत. तळ्याकडच्या चढावर गाडी दम खायची, तरी यांचं कोपर आत यायचं नाही.

त्यांच्या बायकोचं नाव शालिनी. मी त्यांना वयनी म्हणतो. या वयनींना मी गाडी शिकवली आहे, हे तेव्हा गुरुदासबाबांना ठाऊक नव्हतं. शहाऐंशी साली माझं स्वतःचं गॅरेज व्हायचं होतं आणि मी डिचोलीत एका ड्रायव्हिंग स्कूलची फियाट घेऊन लोकांचे शिव्याशाप खात होतो. एके दिवशी या बाई आल्या, फॉर्म भरला आणि म्हणाल्या, घरी मी शिवणाच्या क्लासला जाते असं सांगितलंय, तेव्हा मला मयेच्या बाजूला नेऊ नका. मी त्यांना अस्नोड्याच्या बाजूला नेलं. मी शिकवलेल्या दोनशे माणसांत इतका शांत क्लच सोडणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही. तीन महिन्यांनी गुरुदासबाबांनी शिवलेलं काहीतरी दाखव म्हटलं तेव्हा वयनींना म्हापशाच्या बाजारातून तयार ब्लाउज आणून दाखवावा लागला. तो त्यांना दंडात घट्ट बसत होता आणि गुरुदासबाब म्हणाले, पहिल्याच खेपेला बरा शिवलास.

लायसन्स पोस्टानं आलं तेव्हा भांडं फुटलं. गुरुदासबाब रागावले नाहीत. बरं झालं म्हणाले, कपाटात ठेव म्हणाले. पण किल्ली दिली नाही. आज ट्रक फार आहेत, उद्या पाऊस आहे, परवा ॲम्बॅसडरचा गियर बायकांना झेपत नाही. वयनींचं माहेर पेडण्यात धारगळला. मयेहून तिथं जायचं तर तीन बस बदलाव्या लागत. स्वतः गाडी चालवत माहेरच्या दारात जाऊन उभं राहायचं, एवढंच त्या बाईचं मागणं होतं. हे त्यांनी मला शिकताना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि गुरुदासबाबांना किती वेळा सांगितलं असेल ते मोजायला नको.

एक्याण्णव साली गुरुदासबाबांनी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलला धडक दिली. सकाळची वेळ, पोदेर भोंगा वाजवत डाव्या बाजूनं येत होता, आणि यांना तो दिसलाच नाही. पोदेराला खरचटलं, सायकलचं चाक वाकलं आणि बॉनेटवर सात गोल उंडे पाव येऊन पडले. डोळ्यांच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. समोरचं दिसेल, बाजूचं दिसणार नाही, आणि यापुढं गाडीला हात लावायचा नाही.

आता कुठल्याही घरात पुढची गोष्ट सरळ असती. नवऱ्याला दिसत नाही, बायकोकडे लायसन्स आहे, किल्ली बायकोला द्या. गुरुदासबाब किल्ली खिशात घालून देवळात गेले आणि कौल लावला.

कौल म्हणजे काय ते आमच्याकडे पोरालाही कळतं. गुरव देवीच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवतो, देवीपुढं गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, जमिनीची वाटणी, सगळं देवीला विचारून. वयनी त्या दिवशी घरीच होत्या, भात चुलीवर होता. गुरुदासबाब परत आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "देवीन गाडी काडूंक नाका म्हणून सांगलां."

वयनी देवभोळ्या. देवीनं नको म्हटलं म्हणजे विषय संपला. दुसऱ्या दिवशी मला निरोप आला, की देवीचं मन बदलेपर्यंत गाडी नीट राहील अशी काहीतरी व्यवस्था कर. निरोप वयनींचा होता.

म्हणून ती गाडी मी नुसती ठेवली नाही, झोपवली. पेट्रोल काढून टाकलं, नाहीतर ते टाकीत राहून डिंक होतं. रेडिएटर रिकामा केला. बॅटरी काढून माझ्याकडे नेली. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचा चमचा तेल सोडलं. चारी चाकं जमिनीवरून उचलून खाली चिरे रचले, वर फळ्या. क्लचची प्लेट चिकटू नये म्हणून पेडल काठीनं दाबून ठेवलं. सायलेन्सरच्या तोंडात कापडात गुंडाळलेलं नारळाचं सोडण कोंबलं, म्हणजे उंदीर शिरायला नकोत. वरून वयनींची जुनी सुती लुगडी दोन एकत्र शिवून घातली, आणि ती मात्र वयनींनी स्वतः शिवली. वर्षातून दोनदा, चतुर्थीच्या आधी आणि शिगम्याच्या आधी, मी जाऊन पुढून हँडल घालून इंजिनाला दहा फेरे देत असे.

मी फेरे देत असताना वयनी शेडच्या दारात उभ्या राहायच्या. एकदा त्यांनी मला लायसन्स दाखवलं. दोनदा रिन्यू केलेलं. न चालवलेल्या गाडीचं लायसन्स त्या बाईनं एकदाही चुकू दिलं नव्हतं. मी गमतीनं विचारलं, देवी कधी मन बदलणार? तर म्हणाल्या, देवीचं कळत नाही, पण माझे गुडघे आणखी पाच वर्षांनी क्लच दाबतील असं वाटत नाही.

गुरुदासबाब या वेळी कायम घरात असायचे. बाहेर यायचे नाहीत. मला वाटायचं, बिचाऱ्याला गाडी बघवत नाही. मीसुद्धा त्यांच्यासाठी हळहळायचो. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

दोन हजार तीनच्या जूनमध्ये त्याच देवळाचा गुरव कृष्णनाथ आपली एमएटी मोपेड गॅरेजात लोटत घेऊन आला. ही काढायची आहे, बघ, म्हणाला आणि बस पकडून गेला. मी मान मोडून काम केलं. पिस्टन बदलला, कार्बोरेटर उकळून काढला, सीटही नवी शिवली. आठवड्यानं कृष्णनाथ आला, बघितलं आणि कपाळावर हात मारला. त्याला गाडी विकायची होती. मी म्हटलं, मग विकायची म्हण की, तोंडात काय पान होतं? तो म्हणाला, काढायची म्हणजे विकायचीच. मी म्हटलं, काढायची म्हणजे रस्त्यावर काढायची. शेजारचा टायरवाला म्हणाला, आमच्या मेहुण्यानं परवा मारुती काढली, म्हणजे शोरूममधून नवी घेतली. तिघं तीन बाजूंनी ओरडत होतो.

कृष्णनाथ आधी हसू लागला. म्हणाला, म्हणूनच मी गाऱ्हाणं घालायच्या आधी प्रत्येकाला फोड करून विचारतो. देवीला शब्द मोघम गेला तर जबाब मोघम येतो. "त्या गुरुदासबाबाकय मी विचारलेलां. काडूंची म्हणजे रस्त्यार काडूंची काय विकूंची? तो म्हणालो, विकूंची. मी देवीक विकूंची म्हणूनच सांगलां. डावी पाकळी पडली."

माझ्या हातात पाना होता, तो मी खाली ठेवला. पुन्हा विचारलं. कृष्णनाथला चांगलं आठवत होतं, कारण मोटारीसाठी कौल लावणारा गावातला तो पहिला माणूस. देवीनं गाडी विकू नको म्हणून सांगितलं होतं. चालवू नको असं देवीला कोणी विचारलंही नव्हतं. मग इतकी वर्षं तू गप्प का, असं मी त्याच्यावर खेकसलो. तो म्हणाला, गप्प कसला, देवीनं विकू नको म्हटलं, त्यांनी विकली नाही, मला वाटलं सगळं ठीक आहे.

मी तशीच त्याची एमएटी काढली, म्हणजे रस्त्यावर काढली, आणि मये गाठलं. माझा स्वभाव असा आहे की राग आला की मला दार वाजवायचं भान राहत नाही. दोघं जेवायला बसली होती. मी उंबऱ्यातूनच सगळं सांगून टाकलं. गुरुदासबाबांचा घास हातात राहिला. त्यांनी नाही म्हटलं असतं, कृष्णनाथ विसरला असेल म्हटलं असतं, तर मी गप्प बसलो असतो, कारण माझ्याकडे पुरावा काय होता? पण ते आमटीकडे बघत राहिले. म्हणाले, मी शब्द तोच सांगितला होता. तिनं काय ऐकलं ते मला काय माहीत.

वयनींनी ताटावरून हात उचलला नाही. एवढंच विचारलं, की माझं तोंड उतरलेलं तेव्हा दिसलं होतं ना? त्या वेळी समोरचं दिसत होतं तुम्हाला. वयनी मला म्हणाल्या, हात धुवा, जेवा, आणि उद्यापासून कामाला लागा.

गाडी उठवणं हे झोपवण्याहून कठीण. घाई केली की संपलं. एअर फिल्टरमध्ये उंदरीण बाळंत झाली होती, तेही एकदा नव्हे. सायलेन्सर मी बुजवला, वरचा रस्ता विसरलो, ही माझी चूक. घरटं तिनं गुरुदासबाबांच्या जुन्या टायपिंगच्या कागदांचं केलं होतं, आणि त्यात कंपनीच्या कुणा मजुराचा रजेचा अर्ज अजून वाचता येत होता. ब्रेकचे चारी सिलिंडर जाम. रबर म्हणून जे जे होतं त्याचा भुगा. टाकी उतरवून आत मूठभर नट टाकून आम्ही दोघांनी ती हलवली, म्हणजे मी आणि वयनींनी, गंज निघेपर्यंत. टायर दिसायला नवे, पण बाजूंना चिरा. ते फेकले. क्लच मात्र पहिल्या दाबाला सुटला, आणि त्या काठीची मी वयनींकडून दोनदा तारीफ करून घेतली.

किल्ली फिरवण्याआधी हँडलनं फेरे दिले, तेल वर चढवलं. पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या खेपेला शिंक. तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं आणि सिलिंडरमध्ये घातलेलं तेल जळून इतका धूर झाला की शेजारची देवकीकाकू बालदी घेऊन धावत आली. गुरुदासबाब पहिल्यांदा शेडच्या दारापर्यंत आले. धुरात उभे राहिले, खोकले, परत गेले.

पासिंगला गाडी मी नेली, वयनी शेजारी बसून आल्या. इन्स्पेक्टरनं सगळं तपासलं, कागद बघितले, चष्म्याच्या चौकटीवरून डोळे वर करून विचारलं, चालवणार कोण? वयनींनी लायसन्स पुढं केलं. तो एकदा त्यांच्याकडे, एकदा गाडीकडे बघत राहिला आणि मग सही केली.

आता गाडी तयार आणि गुरुदासबाबांनी नवी पाचर मारली. देवीला विचारल्याशिवाय बायकोनं गाडी दाराबाहेर नेणं बरं नव्हे. मागचा कौल विकण्याचा होता ना, मग हा चालवण्याचा वेगळा लावायला हवा. मी दात खाल्ले. पण वयनी म्हणाल्या, लावू. देवीचं नाव मध्ये आलं होतं, ते त्यांना साफ करून हवं होतं.

गाऱ्हाण्याचा मजकूर गुरुदासबाबांनी स्वतः लिहिला. हेडक्लार्क माणूस, फुलस्केप दीड पान. सदर गाडी म्हणजे हीच पांढऱ्या रंगाची, अमुक नंबरची. काढणे म्हणजे विकणे नव्हे, भाड्याने देणे नव्हे, नवी घेणे नव्हे, तर सौ. शालिनी हिने स्वतः स्टेअरिंगवर बसून सार्वजनिक रस्त्यावर चालवणे. कृष्णनाथनं कागद वाचला आणि म्हणाला, देवीला इतके स्वल्पविराम पेलायचे नाहीत. तरी त्यानं सगळं वाचलं. प्रत्येक वाक्याला मागे बसलेली चार माणसं होय महाराजा म्हणत होती, त्यांना गाडीशी काही देणंघेणं नव्हतं.

गाडी मी चालवत आणून देवळाच्या पायऱ्यांशी लावली होती, किल्ली वयनींकडे होती. गाऱ्हाणं संपलं आणि सगळे पाकळ्यांकडे बघू लागले. सकाळचे नऊ. पाकळ्या जागच्या हलेनात. साडेनऊ. कृष्णनाथनं पुन्हा विनवणी केली. दहा. एक पाकळी खालून थोडी सुटली, सगळे पुढं सरकले, ती तिथंच थांबली. गुरुदासबाब डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला देवळात असल्याचं विसरावंसं वाटलं. ना हो, ना नाही. हे असंच चाललं तर आणखी बारा वर्षं त्यांना सहज मिळत होती. कृष्णनाथ म्हणाला, देवी विचार करते आहे, उद्या परत लावू.

वयनी उठल्या. देवीला वाकून नमस्कार केला, पदर खोचला आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "देवीक विचार करूंदे. तिका वेळ आसा. माका नाय." आणि पायऱ्या उतरून चालू लागल्या.

मी रोज देवाला दोन शिव्या घालणारा माणूस, पण या बाईनं आयुष्यात देवीचा शब्द मोडला नव्हता आणि आजही मोडला नव्हता. ती फक्त थांबायची बंद झाली होती. कृष्णनाथ माझ्याकडे बघू लागला, मी त्याच्याकडे. गुरुदासबाबांनी डोळे उघडले तेव्हा बाहेर स्टार्टर फिरत होता. ते भिंतीला धरून धडपडत बाहेर गेले. वयनींनी डावं दार आतून उघडलं. चढा तर चढा, नाहीतर चालत घरी जा, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण दार उघडं ठेवून त्यांनी पहिला गियर टाकला होता. ते चढले. मी मागे.

डिचोली मागे पडली. खनिजाचे टिप्पर समोरून येत होते, लाल धूळ, मध्येच एखादा मोकाट कुत्रा. वयनींचा क्लच तसाच होता, सतरा वर्षांपूर्वीसारखा, गियर बदललेला पाठीला कळत नव्हता. मी मागे बसून ब्रेकचा आवाज ऐकत होतो, तेवढंच माझं काम. गुरुदासबाब दोन्ही हात मांडीवर ठेवून पुढं बघत होते. त्यांना कोपर खिडकीत ठेवता आलं असतं, त्यांनी ठेवलं नाही.

अस्नोडा गेलं. थिवीच्या आधी एक टिप्पर आमच्यापुढं लागला आणि सरकेना. वयनींनी वाट बघितली, रस्ता मोकळा दिसला, हॉर्न दिला आणि गाडी सरळ काढून पुढं घातली. गाडीनं हूं की चूं केलं नाही. तेव्हा गुरुदासबाब बोलले.

"तू गाडी ठोकशी म्हणून मी भियालो नाय गो. तू बरी चलयशी म्हणून भियालो."

मला वाटलं, आता वयनी विरघळतील. बायका विरघळतात असं आपण ऐकत आलोय. वयनींनी आरशात बघितलं, टिप्पर किती मागे आहे ते तपासलं आणि म्हणाल्या, "आता भय गेलां मरे तुमचां. माजीं बारा वर्सां खंय गेलीं?"

एवढा कागदपत्रांचा माणूस, पण त्यांच्या घशातून नुसता आवाज निघाला. मी खिडकीबाहेर बघितलं. एक चांगला विनोद माझ्या जिभेवर आला होता, तो मी गिळला. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांची दयाही येत होती, दोन्ही एकदम येतात तेव्हा माणसानं गप्प बसावं. कोलवाळचा पूल आला, खाली नदी भरून होती, वयनी मधोमध गाडी नेत होत्या.

धारगळला हायवेवरून आत वळलं की वयनींच्या भावाचं, सखारामचं, किराणाचं दुकान आहे, माहेरच्या घराला लागूनच. दुकानापुढं नेहमीची पाच-सहा माणसं बसलेली. पांढरी ॲम्बॅसडर बघून सखाराम बाहेर आला. या गाडीतून भावोजी आले की ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन नमस्कार करायचा, ही त्याची जुनी सवय. तो हात जोडून उजव्या खिडकीशी गेला आणि आत बहीण बघून तसाच उभा राहिला. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. कोणीतरी विचारलं, भावोजींना बरं नाही काय?

गुरुदासबाब डाव्या दारानं उतरले. बॉनेटला हात लावत लावत पुढून फिरून आले आणि त्या सगळ्यांसमोर उभे राहिले. कोण कुठं आहे ते त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ते जरा मोठ्यानंच बोलले, जसे ऑफिसात बोलत.

"माका बरां आसा. दिसना म्हणून बारा वर्सां जालीं. गाडी ही चलयता. माज्यापरस बरी चलयता."

हे शेवटचं वाक्य त्यांच्याकडून कोणी मागितलं नव्हतं. सखारामनं बहिणीसाठी दार उघडलं आणि आत चल, चहा टाकतो म्हणाला.

वयनी उतरल्या नाहीत. दोन्ही हात स्टेअरिंगवर तसेच ठेवून, समोर माहेरच्या दाराकडे बघत त्या रडत होत्या. सखाराम पुन्हा बोलवायला लागला तेव्हा त्यांनी नाक पदराला पुसलं, त्याला सांगितलं, चहा हंयच हाड, गाडयेंत, आणि दार आतून ओढून घेतलं.